‘तुझी आकडी व तुझी काठी’ : ही आकडी कुठली?

अहिल्यानगरच्या एका ताई विचारतात: ‘ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील गेले, म्हणून दफनविधीला गेले होते. तिथे एक स्तोत्र वाचलं. त्यात “तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात” असं वाक्य आलं. मला आकडी म्हणजे फिट येते तेवढीच ठाऊक. तिने धीर कसा येईल? छपाईची चूक आहे का? आणि “मेंढरू” ही तर आपल्याकडे शिवीच की, मग ही माणसं स्वतःला मेंढरं कशी म्हणवून घेतात?’

ताई, चूक नाही. तुम्ही ऐकलंत ते बायबलमधलं २३वं स्तोत्र, दावीद राजाच्या नावावरचं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ अशी त्याची सुरुवात. मराठी ख्रिस्ती घरांत ते लहान पोरांनाही तोंडपाठ असतं.

आकडी म्हणजे टोकाला वाक असलेली लांब काठी. संस्कृत ‘अंक’ला बाक, आकडा असेही अर्थ आहेत आणि हे सगळं गोत तिथलं. विंचवाचा आकडा, आकडेबाज मिशा, तारेवर आकडा टाकून चोरलेली वीज, सगळीकडे वाक आहेच. फिटमध्ये हातपाय आखडून वाकडे होतात म्हणून तीही आकडी. शहरात नेमका हा शेवटचा अर्थ तेवढा उरला आणि काठी विसरली गेली, त्यामुळे तुम्ही दचकलात.

आमच्या आजोबांची आकडी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. वीतभर जाड वाटावा असा बांबू आणि टोकाला घासून गुळगुळीत झालेलं लोखंडी वळण. उन्हाळ्यात खाली गवताची काडी नसे, तेव्हा ते बाभळीची फांदी आकडीत धरून हलवायचे. शेंगा खाली सांडायच्या. बांबू वळचणीतून ओढल्याचा खरखराट झाला की शेळ्या उठून उभ्या राहायच्या. आकडीने धीर येतो का, हे त्या शेळ्यांना विचारायला हवं होतं!

आता मूळ हिब्रू शब्दांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. तिथे दोन शब्द आहेत: ‘शेवेट’ आणि ‘मिशएनेत’. शेवेट म्हणजे दांडका, सोटा. त्याला वाक असलाच पाहिजे असं काही नाही. लांडगा आला तर हाणायला तो, आणि मेंढरं मोजायलाही तोच. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकात कळपातलं एकेक जनावर या काठीखालून जातं आणि दहावं देवाचं ठरतं. राजदंडालाही शेवेट म्हणतात, पोराला शिक्षा करायच्या छडीलाही. मराठी भाषांतरात त्या जागी आकडी आली. काटेकोर बोलायचं तर ‘सोटा’ अधिक जवळचा. पण ‘तुझा सोटा मला धीर देतो’ असं दफनभूमीत वाचून बघा म्हणजे कळेल. मला भाषांतरकारांची निवड आवडते. मारण्याच्या हत्याराऐवजी त्यांनी जवळ ओढून घेणारं हत्यार घेतलं. बिशपांच्या हातातला दंडही पुष्कळदा टोकाला वळलेला असतो, तो मेंढपाळाचीच खूण म्हणून.

जाता जाता, या शेवेटचा आणखी एक अर्थ ‘कुळ’. इस्राएलाच्या बारा कुळांना मराठी बायबल ‘वंश’ म्हणतं, आणि संस्कृतात वंश म्हणजे बांबूसुद्धा! दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही, पण दोघींनीही काठी आणि कुळ एकाच शब्दात बांधलं.

दुसरा शब्द मला जास्त मोलाचा वाटतो. ‘मिशएनेत’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ टेकणे, रेलणे. म्हणजे जिच्यावर अंगाचा भार टाकावा ती काठी. आणि हाच धातू बायबलच्याच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या ३ऱ्या अध्यायात भेटतो: ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ तिथलं ‘अवलंबून राहणे’ म्हणजे मुळात रेलणेच. श्रद्धा म्हटलं की आपल्याला मनातली गोष्ट आठवते. इथे ती गुडघ्यांतली आहे, भार कुणावर टाकायचा याची. म्हातारं माणूस उंबऱ्यावर थांबून काठी आधी पुढे टेकवतं आणि मगच पाय उचलतं, ते डोळ्यांसमोर आणा.

वाक्य पुन्हा ऐकाल तेव्हा आधीच्या ओळींकडेही लक्ष द्या. कुरण आणि संथ पाणी असेपर्यंत देव ‘तो’ आहे: तो मला बसवतो, तो मला नेतो. (हे ‘बसवतो’ही अस्सल. आपल्याकडे रात्री खतासाठी शेतात मेंढरं ‘बसवतात’.) मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्याबरोबर मात्र सर्वनाम बदलतं: ‘तू माझ्याबरोबर आहेस’. आकडी नि काठी त्या ‘तू’च्या हातात आहेत. दफनविधीला हे स्तोत्र का वाचतात, ते या एका सर्वनामात कळतं.

राहिलं मेंढरू. ‘मेषपात्र’ म्हणून हिणवताना आपण असं धरून चालतो की मेंढरू कुणाच्याही मागे जातं. शिवाय मराठीत मेंढरं ‘हाकतात’, मागून. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात, जिथे येशू स्वतःला ‘उत्तम मेंढपाळ’ म्हणवतो, तिथे मेंढपाळ पुढे चालतो आणि मेंढरं त्याचा आवाज ओळखून मागे येतात. परक्याच्या मागे ती जात नाहीत, उलट पळून जातात. म्हणजे हे मेंढरू बरंच चोखंदळ आहे.

मला ते पटायला जड गेलं नाही. लहानपणी आजोबा नसताना मी एकदा ती आकडी वळचणीतून ओढली, अगदी तसाच खरखराट करून. शेळ्यांनी माना वर केल्या, माझ्याकडे पाहिलं आणि बसल्या जागी रवंथ करत राहिल्या.