घरामागचा ओढा 'एचक्यू' असेल तर पलीकडचं बांधकाम थांबतं का? पेनसिल्व्हेनियात ओढ्यांचा वर्ग कोण ठरवतं?

तुम्ही विचारलंय ते असं: चेस्टर काउंटीत घर आहे, कुंपणामागे एक बिननावाचा ओढा वाहतो, पलीकडच्या मक्याच्या शेतात टाउनहाऊसेस येणार आहेत. टाउनशिपच्या (इथल्या गावपातळीच्या स्थानिक सरकारच्या) मीटिंगमध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं की ओढा 'एचक्यू' (हाय क्वालिटी, उच्च प्रतीचं पाणी) आहे, त्यामुळे तिथे काही बांधताच येणार नाही. हे खरं का, हा दर्जा देतं कोण, आणि आपल्याकडे असं काही आहे का?

बांधकाम थांबणार नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ते कसं होईल, बिल्डरला किती महाग पडेल आणि कुणी काय सिद्ध करायचं, हे बरंचसं त्या दोन अक्षरांवर ठरतं. मी याच भागात सिव्हिल इंजिनिअर आहे. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे आराखडे करते, आणि फी बहुतेक वेळा बिल्डरच देतो. तेव्हा हे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने आलेलं उत्तर आहे, असं समजून वाचा.

वर्ग टाउनशिप ठरवत नाही, काउंटीही नाही. १९७२च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याला आपापल्या पाण्याचे उपयोग आणि निकष ठरवायला सांगितलं. पेनसिल्व्हेनियाचा स्वतःचा क्लीन स्ट्रीम्स लॉ तर १९३७चा. वर्गवारी आहे ती राज्याच्या नियमावलीतल्या प्रकरण ९३ मध्ये. राज्यात ओढे-नद्यांची लांबी ८५ हजार मैलांच्या घरात जाते, आणि ती सगळी खोऱ्याखोऱ्याने तिथे यादीत घातलेली आहे. ज्या ओढ्याला नाव नाही त्याची वेगळी नोंद नसेल, तर ज्या खोऱ्यात तो आहे त्याचाच वर्ग त्याला लागतो, मुलाला बापाचं आडनाव लागावं तसा. म्हणून तुमचा ओढा शोधायचा तर तो पुढे कुठे जाऊन मिळतो ते आधी बघा. पिकरिंग क्रीकला मिळत असेल तर एचक्यू असण्याची शक्यता दांडगी.

यादीतली अक्षरं मुळात माशांवरून आली आहेत. सीडब्ल्यूएफ म्हणजे थंड पाण्याचे मासे, मुख्यतः ट्राउट. डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणजे कोमट पाण्याचे. टीएसएफ म्हणजे जिथे ट्राउट आणून सोडतात तो प्रवाह. एमएफ म्हणजे स्थलांतर करणारे मासे. अक्षरं दिसायला सारखी, पण फरक मोठा आहे. जुलै महिन्यात सीडब्ल्यूएफ ओढ्याला तापमानाची मर्यादा ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे १९ सेल्सिअसच्या आसपास. डब्ल्यूडब्ल्यूएफला तीच ८७. जुलैतल्या दुपारी तापलेल्या डांबरी पार्किंगवर सर आली आणि ते पाणी थेट पाइपने ओढ्यात गेलं, तर त्यात एक थेंब विष नसतानाही ट्राउटचे हाल होतात.

या मूळ वर्गांच्या वर दोन खास दर्जे आहेत: एचक्यू, म्हणजे उच्च प्रतीचं पाणी, आणि त्याहून वरचा ईव्ही, म्हणजे असाधारण मोलाचं. (इथल्या मीटिंगांमध्ये अर्ध्या लोकांना ईव्ही म्हटलं की टेस्लाच आठवते.) एचक्यूसाठी तीन वाटा आहेत. एक, किमान वर्षभराच्या नोंदींत ठरावीक बारा रासायनिक घटक ९९ टक्के वेळा निकषापेक्षा सरस असणं. दुसरी, ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या कीटकांच्या मोजणीत आदर्श ओढ्याच्या ८३ टक्के गुण मिळणं. ९२ मिळाले तर ईव्हीचं दार उघडतं. तिसरी, राज्याच्या फिश अँड बोट कमिशनने तो प्रवाह जंगली ट्राउटचा 'क्लास ए' म्हणून जाहीर करणं. ब्राउन ट्राउट असेल तर हेक्टरी ४० किलो मासा सापडायला हवा, ब्रूक ट्राउटला ३० पुरतो.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चालते ती कीटकांची वाट, आणि ती मला सगळ्यात पटतेही. बाटलीतलं पाणी त्या क्षणाचं सांगतं. कीटक मागच्या वर्षभराचं सांगतात. हिवाळा सरत असताना, जिथे पाणी गोट्यांवरून खळखळत जातं तिथे जाळी रोवून वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळायचे. जाळीत आलेला पालापाचोळा पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून दोन मिनिटं थांबलं की तो पालापाचोळाच चालायला लागतो. चपटं अंग आणि मागे दोन शेपट्या असलेला किडा म्हणजे स्टोनफ्लायचं पिल्लू. बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेला थरथरणारे कल्ले, तो मेफ्लाय. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहतो तो कॅडिसफ्लाय. स्टोनफ्लायला ऑक्सिजन भरपूर लागतो, गाळात तो तग धरत नाही. ट्रेमध्ये नुसत्या अळ्या आणि जळवा वळवळत असतील तर त्या ओढ्याची बाजू मांडणं अवघड जातं. फिलाडेल्फियाच्या जीवशास्त्रज्ञ रूथ पॅट्रिक यांनी १९४८मध्ये लँकेस्टरकडच्या कोनेस्टोगा खोऱ्यात जीवजंतूंवरून प्रवाहाची तब्येत ओळखण्याचं काम केलं, त्याच परंपरेतली ही पद्धत. तुमच्याच काउंटीत एव्हनडेलला स्ट्राउड वॉटर रिसर्च सेंटर आहे, ते १९६७पासून हेच करतंय.

आता मीटिंगमध्ये सहसा कुणी सांगत नाही ते. ओढ्याचे वर्ग दोन असतात. एक नियमावलीत छापलेला, आणि दुसरा ओढा आज खरोखर ज्या पातळीला आहे तो, ज्याला इथे 'एक्झिस्टिंग यूज' म्हणतात. यासाठीची तारीख २८ नोव्हेंबर १९७५ आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही ओढ्याने वरची पातळी गाठलेली असेल, तर परमिट देताना वरचीच पातळी धरावी लागते, छापील यादी काही म्हणो. छापील यादी बदलायची तर एन्व्हायर्न्मेंटल क्वालिटी बोर्डाकडे अर्ज करावा लागतो. तो कुणीही करू शकतो, पण त्यात वर्षं जातात आणि तोवर टाउनहाऊसेसमध्ये लोक राहायलाही येतील. एक्झिस्टिंग यूजचं तसं नाही. डीईपी, म्हणजे राज्याचं पर्यावरण खातं, परमिटच्या मसुद्यावर आलेल्या हरकतींसोबतची माहितीही त्यासाठी विचारात घेतं. तुमच्या हातात खरं काही असेल तर ते हे आहे.

आता एचक्यू असल्याने पलीकडच्या शेतावर काय फरक पडतो ते. एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची तर परमिट लागतंच, पण साध्या ओढ्याजवळ तयार साच्यातलं जनरल परमिट चालतं. एचक्यू किंवा ईव्ही पाणलोटात ते मिळत नाही. त्या प्रकल्पापुरतं स्वतंत्र परमिट काढावं लागतं, छाननी कडक असते, वेळ जास्त लागतो. पाणी ओढ्यात सोडावं न लागण्याचा काही पर्याय आहे का, हे आधी तपासून दाखवायचं. नसेल तर परवडणाऱ्यातलं उत्तमोत्तम तंत्र वापरायचं. तरीही पाण्याची प्रत खालावणार असेल, तर एचक्यूमध्ये एक पळवाट ठेवली आहे: सामाजिक किंवा आर्थिक गरज मोठी आहे असं सिद्ध केलं तर थोडी घसरण चालवून घेतात. ईव्हीमध्ये ती नाही. दोन दर्जांतला खरा फरक हा एवढाच आहे आणि तो प्रचंड आहे.

शिवाय काठापासून दोन्ही बाजूंना १५० फुटांत उकरायचं नाही, असा नियम आहे. उन्हाळ्यात आटणाऱ्या पण हंगामात वाहणाऱ्या ओढ्यालाही तो लागू होतो. मात्र २०१४च्या १६२ क्रमांकाच्या कायद्याने त्यात फट पाडली: तेवढंच संरक्षण दुसऱ्या उपायांनी मिळेल असं दाखवलं तर या पट्ट्यात काम करता येतं. बिल्डरचा इंजिनिअर 'समकक्ष उपाय' म्हणाला की कान टवकारा. ते उपाय कागदावर छान दिसतात, कारण ते छान दिसावेत असेच आम्ही काढतो. दर दोन वर्षांत एकदा तरी येईल अशा चोवीस तासांच्या पावसाचं जास्तीचं पाणी जागेवरच मुरवायचं किंवा अडवायचं असतं, त्यामुळे भोकं पाडून मातीची चाचणी कुठे आणि किती केली ते विचारा. एक्सटनच्या चुनखडीच्या खोऱ्यात असाल तर जास्तच विचारा. तिथे एका जागी पाणी मुरवत राहिलं की जमीन खचून खड्डे पडतात. मग मुरवणं सोडून पाइप टाकायची सबब आयती मिळते.

ओढ्याला लागून पाणथळ जागा आहे का तेही बघा. जंगली ट्राउटच्या प्रवाहाच्या पूरमैदानातली पाणथळ जागा आपोआप ईव्ही ठरते, ओढा स्वतः ईव्ही नसला तरी. आणि तिथे बॉग टर्टल हे तळहातावर मावणारं कासव निघालं, तर बिल्डरच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी कुणाशी बोलत नाही.

पण दर्जाला पदक समजू नका. तुमच्या काउंटीतलाच व्हॅली क्रीक बघा. व्हॅली फोर्जच्या ऐतिहासिक उद्यानातून वाहत तो स्कुलकिल नदीला मिळतो. दर्जा ईव्ही, जंगली ब्राउन ट्राउट भरपूर, आणि तो मासा खायला मात्र मनाई! पाओलीच्या रेल्वे यार्डात विजेच्या गाड्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधून पीसीबी हे विषारी रसायन गळत राहिलं आणि ते ओढ्याच्या गाळात उतरलं. मासा धरायचा आणि सोडून द्यायचा, हा तिथला नियम त्यातूनच आला. वर्ग हा पुढे होणारं नुकसान अडवण्यासाठी असतो, मागचं धुऊन काढण्यासाठी नाही.

भारताबद्दल: महाराष्ट्रात नद्यांचे अ-१ ते अ-४ असे वर्ग आहेत, पिण्याच्या पाण्यापासून शेती-उद्योगाच्या पाण्यापर्यंत. नदीपासून किती अंतरावर कोणता कारखाना चालेल हे त्या वर्गावरून ठरवणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरण २००० साली आलं आणि २०१५मध्ये रद्द झालं. वर्ग राहिले, त्यांना जोडलेलं अंतर गेलं. इथे पेनसिल्व्हेनियात बिल्डरांची लॉबी काही कमी नाही, पण १९७१पासून शुद्ध पाण्याचा हक्क राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात, सत्ताविसाव्या परिच्छेदात लिहिलेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये केंद्राचा पाणथळ जागांवरचा अधिकार आखडला, तरी राज्याच्या कायद्यातली 'पाण्याची' व्याख्या तशीच रुंद राहिली. त्यात झरे आणि भूजलही येतं.

तर आता करायचं काय? डीईपीच्या ईमॅपपीए या ऑनलाइन नकाशावर आपला ओढा काढा आणि छापील वर्ग व एक्झिस्टिंग यूज हे दोन्ही थर वेगवेगळे उघडून बघा. पेनसिल्व्हेनिया बुलेटिन, म्हणजे राज्याचं राजपत्र, दर शनिवारी निघतं. स्वतंत्र परमिटच्या मसुद्याची सूचना त्यात येते आणि हरकतींना ३० दिवस असतात. परमिट मिळाल्यावर एन्व्हायर्न्मेंटल हिअरिंग बोर्डाकडे अपील करायलाही ३० दिवसच, म्हणून तारखा फ्रिजवर लावून ठेवा. स्थानिक वॉटरशेड संस्थेला आत्ताच गाठा, कारण कीटकांची मोजणी नोव्हेंबर ते मे या काळातच नीट होते आणि ती ठरलेल्या पद्धतीने झाली नसेल तर डीईपी ती बाजूला ठेवतं. हरकतीच्या पत्रात 'आमच्या मुलांचं बालपण या ओढ्याकाठी' वगैरे लिहू नका, ती पत्रं एका गठ्ठ्यात जातात. कोणत्या जागी, कोणत्या तारखेला, कोणते कीटक किती सापडले, आणि आराखड्याच्या कोणत्या पानावरचा पाइप त्या जागेच्या वरच्या अंगाला सुटतो, एवढंच लिहा. तशा पत्राला उत्तर देताना माझ्यासारख्या माणसाला आराखडा पुन्हा उघडावा लागतो.