बर्फाच्या दिवसांत कौन्सिल काय करते, काय करत नाही

सप्टेंबरात लंडनजवळच्या वॉटफर्डला राहायला आलेल्या आपल्या एका सदस्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. मागच्या आठवड्यात मुख्य रस्त्यावर ग्रिटर (मीठ टाकणारी गाडी) फिरला पण आमच्या गल्लीत का आला नाही? कचऱ्याची बिन ठरलेल्या दिवशी का उचलली नाही? आणि शाळा बंद आहे की नाही हे नक्की कोण ठरवतं? शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘कौन्सिल टॅक्स भरतो, मग तक्रार कोणाकडे करायची?’

आधी ‘कोणाकडे’ ते बघू, कारण निम्म्या तक्रारी चुकीच्या दारावर जातात. वॉटफर्डमध्ये सध्या दोन कौन्सिलं, म्हणजे स्थानिक प्रशासनं आहेत. रस्ते, पेव्हमेंट, शाळा आणि वृद्धांची देखभाल हे हर्टफर्डशर काउंटी (जिल्हा) कौन्सिलकडे. कचरा आणि बेघरांची सोय वॉटफर्ड बरो (शहर) कौन्सिलकडे. टॅक्सचं बिल बरो पाठवते, म्हणून लोक रस्त्यासाठीही तिलाच फोन करतात. एम१ आणि एम२५ हे मोटरवे या दोन्ही कौन्सिलांकडे नाहीत, ते नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे. लीड्स किंवा बर्मिंगहॅमला राहणाऱ्यांना एकच कौन्सिल असते. लंडनमध्ये रेड रूट (लाल रेघांचे मुख्य रस्ते) टीएफएल या शहराच्या वाहतूक संस्थेकडे आणि बाकीचे बहुतेक रस्ते बरोकडे असतात. तुमच्या भागात काय आहे ते गव्ह डॉट यूकेवर पोस्टकोड टाकून कळतं.

आता गल्लीचं. कोणत्या रस्त्यावर मीठ पडणार हे बर्फाच्या दिवशी ठरत नाही. हिवाळ्याचा आराखडा साधारण ऑक्टोबरपर्यंत तयार असतो आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर नकाशासह लावलेला असतो. ए क्रमांकाचे मुख्य आणि बी क्रमांकाचे मोठे रस्ते, बसमार्ग, रुग्णालय, अग्निशमन केंद्र आणि बसआगाराकडे जाणारे रस्ते पहिल्या यादीत. बर्फ टिकून राहिला तर दुसऱ्या यादीतले, म्हणजे वस्तीतले जोडरस्ते आणि मोठे चढ. पुढे वाट नसलेल्या गल्ल्या बहुतेक ठिकाणी कोणत्याच यादीत नसतात. अनेक कौन्सिलं एकूण लांबीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याहून थोड्या जास्त रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे पहाटे फोन करून आपली गल्ली यादीत घालता येत नाही. चढ, अंध वळण, जवळचं केअर होम असं ठोस कारण असेल तर उन्हाळ्यात आपल्या काउन्सिलरमार्फत (कौन्सिलवर निवडून आलेल्या प्रतिनिधीमार्फत) मागणी करा. आराखड्याचा फेरविचार तेव्हाच होतो.

मिठाचं गणित समजलं की ही काटकसर का, ते कळतं. हे मीठ आपल्या मिठागरातलं नव्हे. सैंधवासारखं खाणीतून काढलेलं, पण चिकणमातीमुळे तपकिरी. इंग्लंडमध्ये ते चेशरमधल्या विन्सफर्डच्या आणि ईशान्येकडच्या बोल्बीच्या खाणीतून येतं. नुसतं दहिवर गोठणार असेल तर दर चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम टाकतात. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याला ७० किलो आणि साठ किलोमीटरच्या फेरीला चार टनांहून जास्त मीठ लागतं. बर्फ येणार असेल तर हेच प्रमाण २० ते ४० ग्रॅमपर्यंत जातं.

मीठ बर्फ ‘वितळवतं’ असं आपण म्हणतो, पण त्याचं खरं काम बर्फ रस्त्याला चिकटू न देण्याचं आहे. म्हणून ते बर्फाच्या आधी पडावं लागतं. दहा सेंटिमीटर ताज्या बर्फात दर चौरस मीटरला साधारण दहा किलो पाणी असतं. त्यात ४० ग्रॅम मीठ मिसळलं तर गोठणबिंदू पाव अंशानेच खाली येतो, म्हणजे न आल्यासारखाच. तेवढा बर्फ गाडीला लावलेल्या बर्फाच्या नांगराने बाजूला सारावा लागतो आणि मीठ खाली उरलेल्या पातळ थरासाठी असतं. थंडीचीही मर्यादा आहे. रस्त्याचा पृष्ठभाग उणे ५ अंश असेल तर पाण्यात सुमारे ८ टक्के मीठ हवं, उणे १० ला सुमारे १४ टक्के. उणे ७–८ च्या खाली मीठ फार हळू काम करतं, मग पकड मिळावी म्हणून त्यात वाळू किंवा बारीक खडी मिसळतात. आणखी एक गोष्ट म्हणजे वाहनांची चाकं मीठ चिरडून ओलाव्यात कालवतात. ज्या गल्लीत रात्रभर एकही गाडी जात नाही तिथे मीठ टाकलं तरी ते खड्यांसारखं पडून राहतं.

निर्णय कसा होतो तेही सांगतो. हवेचं नाही, रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान बघतात. निरभ्र रात्री हवा अधिक २ अंश असताना रस्ता शून्याखाली जाऊ शकतो. रस्त्याकडेच्या हवामान केंद्रांची आकडेवारी आणि अंदाज साधारण दुपारपर्यंत येतो, त्यावर कामावरचा अधिकारी फेऱ्या ठरवतो. ग्रिटर संध्याकाळच्या गर्दीनंतर किंवा पहाटे निघतात. एका फेरीला दोन-तीन तास लागतात.

फसतं ते बहुधा दोन प्रकारांनी. पहिला म्हणजे आधी पाऊस आणि मग बर्फ. संध्याकाळी टाकलेलं मीठ पावसात वाहून जातं, तासाभरात पारा उतरतो आणि पुन्हा मीठ टाकायला फार थोडा वेळ उरतो. ‘ग्रिटर आलाच नाही’ ही तक्रार अशा दिवशी सर्वांत जास्त होते, आणि अनेकदा तो येऊन गेलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे ऐन गर्दीत सुरू झालेला बर्फ. दोन गाड्या चढावर आडव्या झाल्या की मागे रांग लागते आणि त्याच रांगेत ग्रिटर आणि नांगर अडकतात. म्हणून हवामान खात्याचा अंबर (गंभीर) इशारा असेल तर गाडी चढावर बेवारस सोडून जाऊ नका. ती एक गाडी सगळा मार्ग बंद करते.

मीठ संपण्याची भीती २००९-१० च्या हिवाळ्यात खरी ठरली होती. देशभर रेशनिंग करावं लागलं. त्यानंतर डेव्हिड क्वार्म्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हंगामाआधी किमान १२ दिवस किंवा ४८ फेऱ्यांचा साठा ठेवावा, असं सुचवलं. कौन्सिलं साठ्याला एवढं जपतात त्यामागे तो अनुभव आहे.

पेव्हमेंटचं मात्र दुःख खरं आहे. बाजारपेठ, रुग्णालयाचं दार, काही पादचारी पूल एवढंच बहुधा साफ होतं. बाकी आपणच करायचं. रस्त्याकडेच्या पिवळ्या ग्रिट बिनमधलं (मिठाच्या पेटीतलं) मीठ सार्वजनिक रस्ता आणि पेव्हमेंटसाठी आहे, आपल्या ड्राइव्हवेसाठी ते नेऊ नये. घरापुढे साधं किंवा डिशवॉशरचं मीठ चालतं, दर चौरस मीटरला एक मोठा चमचा पुरतो, पायऱ्यांवर थोडं जास्त. सकाळी बर्फ भुसभुशीत असतानाच फावड्याने मधली वाट काढा, मग कडा. तुडवून घट्ट झाला की निघत नाही. गरम पाणी अजिबात ओतू नका, ते गोठून काचेसारखा थर होतो. मीठ नसेल तर वाळू किंवा राख टाका, वितळणार नाही पण पाय टिकेल. झाडांवर आणि गवतावर मीठ नको. ‘साफ केलं आणि कोणी घसरलं तर माझ्यावर दावा होईल’ या भीतीने बरेच जण हात लावत नाहीत. सरकारी सल्ला उलट आहे: नीट काळजी घेऊन, वाट आणखी धोकादायक न करता साफ करा, घाबरून थांबू नका.

नुकसानभरपाईबद्दल थोडक्यात. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, रस्त्याच्या देखभालीत बर्फ काढणं येत नाही असा निकाल दिला. त्यानंतर २००३ च्या कायद्याने हायवेज ॲक्ट १९८० च्या कलम ४१ मध्ये भर घातली. बर्फामुळे वाट धोक्याची होऊ नये यासाठी कौन्सिलने ‘व्यवहार्य असेल तितकं’ करायचं. आराखडा वाजवी होता आणि तो पाळला हे कौन्सिलने दाखवलं की दावा टिकणं अवघड. त्यामुळे घसरून पडलात तर जागेचे फोटो, वेळ आणि तो रस्ता कोणत्या यादीत आहे हे लगेच नोंदवून ठेवा.

बिनचा प्रश्न रस्त्याशीच जोडलेला आहे. कचऱ्याची गाडी भरल्यावर २६ टनांपर्यंत जाते, आणि तुमच्या गल्लीतल्या उतारावर तेवढं वजन घसरलं तर उभ्या गाड्याच काय, भिंतीही वाचत नाहीत. मागे चालणारी माणसं तर थेट धोक्यात. बिन ठरलेल्या दिवशी सकाळी बाहेर ठेवा. उचलली नाही तर संकेतस्थळ बघा: कुठे ‘बाहेरच राहू द्या’ म्हणतात, कुठे ‘पुढच्या फेरीला’. उरलेल्या कचऱ्याची काळी बिन आधी, बागेचा कचरा सर्वांत शेवटी, असा क्रम बहुधा असतो. पुढच्या फेरीला जास्तीच्या पिशव्या घेतात का तेही तिथेच लिहिलेलं असतं. बिनभोवतीचा आणि ती ओढण्याच्या वाटेवरचा बर्फ काढून ठेवलात तर त्या माणसांवर उपकार होतील.

शाळा मुख्याध्यापक बंद करतात. कौन्सिल फक्त यादी छापते. किती शिक्षक पोहोचू शकतात, बॉयलर चालू आहे का, मैदान आणि प्रवेशवाट सुरक्षित आहे का, यावर निर्णय होतो. म्हणून शेजारची शाळा उघडी आणि तुमची बंद असू शकते. शाळेचा संदेश आधी बघा, कौन्सिलची यादी मागाहून अद्ययावत होते.

घरी आई-वडील आले असतील आणि केअरर येत असेल, तर एजन्सीचा तातडीचा नंबर फ्रिजवर लावा. बर्फात भेटींची क्रमवारी लावतात. औषध, उचलून उठवणं किंवा भरवणं लागणारे आणि एकटे राहणारे आधी. घरात दुसरं माणूस आहे म्हटल्यावर तुमची भेट मागे ढकलली जाऊ शकते, तेव्हा काय सांभाळू शकता आणि काय नाही ते आधीच स्पष्ट सांगा. चार दिवसांची औषधं घरात असू द्या. वीज गेली तर १०५ ला फोन करा.

आणि रस्त्यावर कोणी झोपलेलं दिसलं तर पुढे निघून जाऊ नका. पारा शून्यावर येणार असा अंदाज असला की कौन्सिलं बेघरांसाठी आपत्कालीन निवारा सुरू करतात, आणि एरवी ज्यांना जागेचा हक्क नाही त्यांनाही त्या रात्री आत घेतात. इंग्लंडमध्ये बेघरांची माहिती मदत करणाऱ्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या स्ट्रीटलिंकच्या संकेतस्थळावर जागेचं नेमकं वर्णन टाका, कोणत्या दुकानाच्या दारात, कोणत्या बाजूला. माणूस प्रतिसाद देत नसेल तर सरळ ९९९.