कासल म्हणजे किल्ला की गढी?

अनुवादाचं काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका घराण्याचा इतिहास त्या मराठीत आणताहेत. जेन्ट्री, पेडिग्री आणि कासल या शब्दांना त्यांनी उमराव, वंशावळ आणि किल्ला असे प्रतिशब्द घेतले. 'पण एक बुरूज आणि त्याला लागून राहतं घर, याला किल्ला म्हणताना हात अडखळतो,' असं त्या लिहितात. घराणं आहे सायझरचे स्ट्रिकलंड.

ताई, हात बरोबर अडखळला. किल्ला नको, गढी म्हणा.

मराठीत किल्ला म्हटला की तो कुणाच्या तरी राज्याचा असतो. त्यावर हवालदार, सबनीस, शिबंदी असते. ही सगळी चाकर माणसं, आज इथे तर उद्या बदलीवर. गढी मात्र घराण्याची. देशमुखांची गढी, पाटलांची गढी. तिथे बुरूज असतो, जाड भिंती असतात, दिंडीदरवाजा असतो. पण आत चूल पेटते, बाळंतपणं होतात, भाऊबंदकीही होते. इंग्रजीत या दोन्हींना कासलच म्हणतात. तो भेद आपल्याकडे आयता आहे, तर तो का सोडायचा? सायझरच्याच मुलखात, आताच्या कंब्रिया परगण्यात, कार्लाइलला राजाचं सीमेवरचं ठाणं आहे. तो किल्ला. केंडल गावाजवळचं सायझर ही गढी. तिचा जुना बुरूज बहुधा चौदाव्या शतकातला. त्या भागात स्कॉटलंडकडून धाडी पडत, म्हणून जमीनवाले असे बुरूज बांधून राहत. पुढे सोळाव्या शतकात बाजूला प्रशस्त दालनं चढली आणि राहणं सुखाचं झालं.

आणखी एक साम्य मला फार आवडतं. इंग्लंडात आपल्या घराच्या भिंतीवर चर्या काढायच्या, म्हणजे कंगोऱ्यांचा तट करायचा, तर राजाचा परवाना घेण्याची रीत होती. इकडे सभासदाच्या बखरीत महाराजांनी माजलेल्या वतनदारांचे हुडे, कोट पाडले आणि यापुढे साधी घरं बांधून राहावं असं ठरवून दिलं, ही हकिकत येते. बुरूज बांधणाऱ्या प्रजेकडे बघून राजाच्या कपाळाला आठी पडते, मग राजा कुठलाही असो.

उमराव मात्र खोडा. उमराव म्हणजे किताबवाला, दरबारात मान असलेला. जेन्ट्री म्हणजे पिढीजात जमीन, स्वतःचं कुलचिन्ह, फार तर सर ही पदवी, पण लॉर्डपण नाही. वतनदार लिहायचा मोह होईल. पण वतनाला हुद्दा आणि हक्क चिकटलेले असतात, तसं इथे नाही. मी खानदानी जमीनदार लिहीन. स्ट्रिकलंडांचंच बघा. १२३९ मध्ये सर विल्यमचं एलिझाबेथ डिनकोर्टशी लग्न झालं आणि बायकोच्या माहेरची सायझर त्यांच्याकडे आली. त्यानंतर लॉर्ड ही पदवी घरात आली ती थेट १९२८ मध्ये, जेराल्ड स्ट्रिकलंडना. ते तेव्हा माल्टाचे पंतप्रधान होते; आई माल्टाची, जन्मही तिथलाच. १९४० मध्ये ते गेले आणि मुलगा नसल्यामुळे पदवीही गेली. बारा वर्षांच्या लॉर्डकीसाठी सातशे वर्षांना उमराव म्हणणं काही बरं नाही.

गढी पुन्हा लेकीकडून पुढे गेली. जेराल्डची मुलगी मेरी हिने हेन्री हॉर्नयोल्डशी लग्न केलं, आणि आडनाव झालं हॉर्नयोल्ड-स्ट्रिकलंड. आपल्याकडे अशा वेळी दत्तक आणला असता. तिकडे जावयाने बायकोचं आडनाव जोडून घेतलं. १९५० मध्ये त्यांनी गढी नॅशनल ट्रस्टला, म्हणजे तिकडच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिली. घरचे लोक अजून तिथेच राहतात.

वंशावळ ठीकच आहे. तक्ता असेल तर कुर्सीनामा लिहा, जुन्या वतनी कागदांत हाच शब्द भेटतो. पेडिग्रीचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे, अर्थ क्रौंच पक्ष्याचा पाय. बापापासून मुलांकडे फुटणाऱ्या तीन रेघा तशा दिसत, म्हणून. आता मराठीत पेडिग्री म्हटलं की कुत्र्याच्या खाण्याचं पुडकं डोळ्यांपुढे येतं, तेव्हा तो शब्द तसाच ठेवू नका.

राहिलं 'स्ट्रिकलंड ऑफ सायझर'. इथे ऑफ आला म्हणून अडायचं कारण नाही. फलटणचे निंबाळकर म्हणतो तसंच सायझरचे स्ट्रिकलंड. जोडीही नेमकी जुळते. निंबाळकर हे नाव निंबळक गावावरून, ठाणं फलटणला. स्ट्रिकलंड हे नावही एका गावाचं, अर्थ वासरा-पाड्यांचं रान. सायझर हे मूळ नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचं नाव, कुणा एकाची उन्हाळी चराई, जनावरं घेऊन जायची माळावरची वस्ती. म्हणजे दोन्ही नावं गुराख्यांची. आपल्या गोठण्याची आठवण झाली की नाही?

फक्त एक सांभाळा. विशेषनाम म्हणून पहिल्यांदा येईल तिथे सायझर कासल असंच राहू द्या. वाचक उद्या नकाशावर शोधायला गेला तर सायझर गढी त्याला सापडायची नाही. आणि Sizergh या स्पेलिंगातला शेवटचा घ उच्चारात नाही, तो छापू नका.