आर्टिकलशिपची दोन वर्षं: ऑफिस आणि अभ्यास

प्रश्न : मॅडम, सीएच्या इंटर परीक्षेचे दोन्ही ग्रुप (पेपरांचे गट) सुटले. ओळखीतून ‘डमी’ आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण) मिळतेय. ऑफिसला जायचं नाही, हजेरी कागदावर लागेल आणि मी घरी फायनलचा अभ्यास करायचा. मैत्रिणी म्हणतात घेऊन टाक. घेऊ का? (पुणे)

नको घेऊस. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षं झाली. ती संपल्यावर सहा महिने फक्त अभ्यासाला मिळतात. त्याआधी फायनलला बसताच येत नाही. म्हणजे ज्या वेळासाठी तू डमी घेणार, तो वेळ आधीच राखून ठेवलेला आहे. उघडकीला आलं तर ट्रेनिंगचा तो काळ बाद होऊ शकतो आणि सही देणाऱ्या सीएवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पण मला काळजी वाटते ती वेगळीच. उद्या तुझ्या सहीच्या ताळेबंदावर विसंबून एखादी बँक कर्ज देईल. या पेशातली तुझी पहिली सही खोट्या हजेरीवर असू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : छोट्या फर्ममध्ये रुजू होऊन पाच महिने झाले. अजून व्हाउचिंग (नोंदी बिलांशी ताडून पाहणं), बँक रिकन्सिलिएशन (बँकेचा हिशेब वहीशी जुळवणं) आणि जीएसटीचं टूबी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) जुळवणं, एवढंच. पुण्यात मोठ्या फर्मला लागलेले मित्र लिस्टेड कंपन्यांची ऑडिटं करतात. फर्म बदलू का? (सांगली)

इतक्यात बदलू नकोस. मोठ्या फर्ममध्ये कामाची शिस्त लागते, वर्किंग पेपर (तपासणीच्या नोंदी) नीट ठेवायची सवय होते, हे खरंच. पण तिथे वर्षभर एकाच क्लायंटच्या स्थावर मालमत्तेची यादी तपासत बसलेले आर्टिकलही मी पाहिलेत. तुझ्याकडे एकाच व्यापाऱ्याचं खरेदीच्या बिलापासून रिटर्नपर्यंत सगळं हाताखालून जातं.

तू सांगलीचा म्हणून हळदीचं सांगते. आर्टिकल असताना एका ३१ मार्चला मला वखारीत साठा मोजायला पाठवलं होतं. थप्पीची लांबी, रुंदी, उंची पोत्यांत मोजायची, गुणाकार करायचा, यादीशी जुळला की खूण करायची. दुपारपर्यंत सगळ्या थप्प्या जुळल्या. तेवढ्यात एका हमालमामांनी विचारलं, “ताई, वर चढून नाही बघणार?” शिडी लावून चढले. थप्पी मधून पोकळ होती. हवा खेळावी म्हणून आत जागा सोडून पोती रचली होती. लबाडी कुणाचीच नव्हती. दिवाणजींनीही गुणाकार करूनच यादी केली होती, म्हणून तर ती माझ्या आकड्याशी जुळत होती! त्यांची चूक माझ्या चुकीशी जुळली आणि मी त्याला तपासणी समजले. पिवळे झालेले हात घेऊन सगळ्या थप्प्या पुन्हा मोजल्या. साठ्याच्या तपासणीवरचं ऑडिटचं मानक मी त्या रात्री वाचलं, ते आजही पाठ आहे.

तुझ्या व्हाउचरांकडे असं वर चढून बघ. भाड्याच्या पावतीवर गाडी २ एप्रिलला उतरल्याचं दिसतंय आणि खरेदी मार्चमध्ये पडलीय, मग तो माल ३१ मार्चच्या साठ्यात धरलाय का? वाहतूकदाराला पैसे दिले तर टीडीएसचं काय केलं? एखादा पुरवठादार दर महिन्याला टूबीत दिसत नसेल, तर त्याच्या बिलावर घेतलेल्या जीएसटी क्रेडिटचं (कराच्या वजावटीचं) काय होणार? असे प्रश्न कागदावर मांडून सरांकडे घेऊन जा. “मोठं काम द्या” एवढंच म्हणू नकोस. “या क्लायंटच्या टॅक्स ऑडिट (प्राप्तिकरासाठीची हिशेबतपासणी) रिपोर्टचा पहिला मसुदा मी करतो, तुम्ही तपासा,” असं म्हण. वर्षभरानंतरही हाती व्हाउचिंगच राहिलं, तर जरूर पुन्हा लिही. आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा, म्हणजे फर्मऐवजी कंपनीत काम शिकण्याचा रस्ताही आहे.

प्रश्न : मुलाचा इंटरचा एक ग्रुप सुटला. दुसऱ्यात १४६ गुण, त्यात एका पेपरला ६२. तोवर त्याला आर्टिकलशिपला लावता येईल का? तो फार खचलाय. (एक वडील, नांदेड)

नाही. आता दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिपची नोंदणी होत नाही. पण त्याला एक हिशेब दाखवा. ६० च्या वर गुण असल्यामुळे त्या पेपरला पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते आणि ते ६२ गुण धरले जातात. ग्रुपला १५० लागतात. म्हणजे उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८८, प्रत्येकी किमान ४०. इंटरची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, त्यामुळे पुढची संधी लांब नाही. निकालाचा विषय जेवताना काढू नका, एवढी विनंती.

प्रश्न : डोंबिवलीहून फोर्टला जाते. घरी यायला साडेआठ होतात. अभ्यास कधी करू?

आर्टिकलचं काम आठवड्याला ३५ तासांचं ठरलेलं आहे. रोजच उशीर होत असेल तर तासांची नोंद ठेव आणि प्रिन्सिपलशी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली शिकतेस त्या सीएंशी, शांतपणे बोल. अनेकदा सीनियर थांबवून घेतात आणि सरांना पत्ताही नसतो. मात्र सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटची गर्दी असते. त्या महिन्यात मोठा अभ्यास ठरवून स्वतःला दोष देत बसू नकोस. रजा वर्षाला १२ च आहेत, त्या लग्नकार्यात संपवू नकोस. सेल्फ-पेस्ड मॉड्यूल (फायनलआधी स्वतः शिकून ऑनलाइन परीक्षा द्यायचे विषय) मात्र याच दोन वर्षांत उरकून टाक, नाहीतर ती त्या सहा महिन्यांवर येऊन पडतात.

रोजच्यासाठी एक वही कर. डाव्या पानावर आज क्लायंटकडे काय पाहिलं ते, दोन ओळींत, लोकलमध्ये बसायला मिळालं की लिहायचं. उजव्या पानावर त्याला लागू होणारं मानक किंवा कलम, रात्री जेवण झाल्यावर पुस्तक उघडून, अर्धा तास. उजवं पान रिकामं राहिलेले दिवस रविवारी सकाळी भरून काढ.