प्रीफॅब घराला आधी सावली करा, एसीचं मे महिन्यात बघू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, औसा तालुक्यात शेतात साडेनऊ लाखाचं प्रीफॅब, म्हणजे कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडायचं, घर टाकायचंय, कंपनीवाला म्हणायलाय की काळी काच अन् दोन एसी 1,20,000 मधे बसवून देतो, आणि मुलगी म्हणते त्यापेक्षा छज्जे, पश्चिमेला ओसरी अन् पत्र्यावर दुसरं छप्पर असं 75,000 चं काम करा. घरचे म्हणतात सावलीला कशाला एवढे पैसे.

मी मुलीच्या बाजूने आहे.

किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे 1993 नंतर, आपल्याकडं दगडमातीच्या भिंतींची धास्ती बसली ती बसलीच, त्यामुळं हलकं घर हवं हे मला पूर्ण पटतं. पण माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं अन् जाड भिंतींचं जुनं घर थंड राहायचं ते त्या जाडीमुळंच, भिंत आतपर्यंत तापेतो संध्याकाळ व्हायची. तुमची पफ पॅनलची, म्हणजे दोन पत्र्यांमधे फोम भरलेली भिंत 50 एमएमची, ती बाहेरची उष्णता अडवते खरी, पण खिडकीतून ऊन आत आलं की ते जिरवायला घरात जड असं काहीच नसतं, खोली लगेच तापते. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. काळी काच स्वतः तापते आणि वर उजेड खाते, म्हणजे भर दुपारी ट्यूब लावून बसायचं.

दक्षिणेच्या 4 फुटी खिडकीवर 2 फूट छज्जा घेतला तर उन्हाळ्यात दुपारचं ऊन काचेला शिवत नाही, डिसेंबरात मात्र सूर्य खाली असतो तेव्हा खालच्या अर्ध्या काचेवर येतं, थंडीत ते बरंच. पश्चिमेला छज्जा कामाचा नाही, चारनंतरचं ऊन आडवं येतं, तिथं ओसरी आणि तिला चिक (बांबूचा पडदा) किंवा शेडनेट. मे महिन्यात सूर्य अगदी डोक्यावर, म्हणून छपराची सावली सगळ्यात आधी, मधे हवा खेळायला फूटभर जागा सोडून.

आता हिशोब. दोन एसी रोज 8 तास, 90 दिवस, प्रत्येकी तासाला दीड युनिट धरलं तर 2,160 युनिट, 10 रुपयांनी 21,600. सावली करून एकाच एसीवर भागलं तर हा खर्च निम्मा होतो, आणि 40,000 चा एक एसी धरूनही सगळं 1,15,000 मधे बसतं. नुसत्या वीजबिलातून 75,000 निघायला सातेक वर्षं लागतील, हे मी लपवणार नाही. पण लाईट गेली, व्होल्टेज पडलं की एसी बंद, सावली तशीच राहते. एसी आत्ता घेऊच नका, सावलीत एक मे महिना काढा, मग ठरवा.

फक्त ॲडव्हान्स द्यायच्या आधी छज्जे अन् छप्पर ड्रॉइंगमधे घालून घ्या, ब्रॅकेट पॅनलला नाही तर लोखंडी फ्रेमला, अवकाळीच्या वाऱ्यात पॅनलवरचं टिकत नाही, आणि मागून भोकं पाडली की गळती लागते. कंपनीवाला लेखी द्यायला तयार नसेल तर चेक थांबवा, दुसरं कोटेशन मागवा, मला पाठवा, मी बघतो.