भाषणासाठी किती वाचायचं?

वक्तृत्व स्पर्धा जवळ आल्या की मुलं एकच तक्रार घेऊन येतात: "खूप वाचलं, तरी तयारी झाली असं वाटत नाही." दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी अशीच आली. विषय बालविवाह, मोबाइलमध्ये साठेक लिंक, झोप उडालेली.

"सगळं वाचल्याशिवाय उभी कशी राहू, मॅडम?"

"सात मिनिटांत सात-आठशे शब्द बसतात. ऐकणाऱ्यानं नेमकं काय करावं?"

उत्तर यायला दोन भेटी गेल्या. "शंका आली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करावा."

तिथे गाठ सैल झाली. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानते, म्हणजे धडधडीच्या मागे दडलेली, आपणच स्वतःला घातलेली अट शोधते. 'आपण कुठेही अडता कामा नये' ही तिची अट. म्हणून ती स्वतःला वाचवण्यासाठी वाचत होती, ऐकणारा त्यात कुठेच नव्हता. मग ऐकणाऱ्याच्या तीन शंका तिनं कागदावर लिहिल्या.

"आता कुठे होतात बालविवाह?" याला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. चौथ्या फेरीत २६.३. 'आज इतक्या मुलींची लग्नं होतात' असं म्हटलं की चूक होते, कारण ती लग्नं आधीच्या वर्षांतली असतात. टाळेबंदीत प्रमाण वाढलं, यालाही हा पुरावा चालत नाही; राज्यातली पाहणी त्याआधीच झाली होती. गुन्हे नोंदींचा आकडा तिनं सुरुवातीलाच घेतला होता, तो काढायला लावला. त्यात पोलिसांपर्यंत पोचलेली प्रकरणंच असतात. नोंदी वाढल्या तर लोक तक्रार करू लागले, असंही असू शकतं.

"फोन करून काय होणार?" इथे बातमी नको, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदाच उघडावा. कलम १३ नुसार न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. तो मोडून लावलेलं लग्न कलम १४ नुसार रद्दबातल.

"गरीब आईबापांनी काय करायचं?" हे आकड्यांनी भागत नाही. गावच्या अंगणवाडी सेविकेशी अर्धा तास बोलावं, मुलीची ओळख पटेल असं काही भाषणात आणू नये. माझ्या लेखी हा सर्वांत मोलाचा स्रोत.

"आणि परीक्षकांनी भलतंच विचारलं तर?"

"'ते मी पाहिलेलं नाही' म्हणायचं."

हे वाक्य तिच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. आकड्यांच्या सरावापेक्षा त्याला जास्त वेळ दिला.