लोकशाहीत डॉक्टरांचे वजन वाढते की घटते?

प्रश्न : लष्करी राजवट जाऊन लोकशाही आली, की आरोग्यधोरणावरील डॉक्टरांचा प्रभाव कमी होतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुख्यतः तो प्रभाव एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे सरकतो. थायलंडमध्ये खेड्यांत काम केलेल्या तरुण डॉक्टरांनी 1978 मध्ये आपली संघटना उभी केली. त्यांच्यापैकी अनेक जण पुढे आरोग्य मंत्रालयात गेले आणि डॉ. सङ्गुआन नित्यारम्फोंग यांच्यासारख्यांनी सर्वांना परवडेल अशा आरोग्यसेवेचा आराखडा तयार केला. मात्र त्याला राजकीय बळ मिळाले ते 1997 च्या राज्यघटनेनंतर, कारण तिने 50,000 नागरिकांच्या सह्यांनी विधेयक मांडण्याचा अधिकार दिला. नागरी संघटनांनी सह्या जमवल्या, 2001 च्या निवडणुकीत थाक्सिन शिनावात्रा यांच्या पक्षाने 30 बाथमध्ये उपचाराचे आश्वासन दिले आणि 2002 मध्ये कायदा झाला. योजनेच्या नियामक मंडळात नागरी संघटनांचेही प्रतिनिधी बसू लागले, त्यामुळे वैद्यकीय संघटनांचा शब्द अंतिम उरला नाही. यात ग्रामीण डॉक्टरांचे वजन वाढले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दक्षिण कोरियातील अनुभव वेगळा आहे. तेथे आरोग्यविम्यातून डॉक्टरांना मिळणारे उपचारांचे दर सरकारने कमी ठेवले होते आणि डॉक्टर ती तूट औषधविक्रीतून भरून काढत. 1987 मध्ये लोकशाही आल्यानंतर बळकट झालेल्या नागरी संघटनांच्या मध्यस्थीने 1999 मध्ये डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांचा समझोता झाला. त्यानुसार जुलै 2000 पासून औषध लिहून देणे डॉक्टरांकडे आणि विकणे औषधविक्रेत्यांकडे राहणार होते. तरीही डॉक्टरांनी त्या वर्षी वारंवार दवाखाने बंद ठेवले, आणि सरकारला दर वाढवावे लागले. इंजेक्शनेही या विभागणीतून वगळली गेली. ज्या लोकशाहीने रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्यांना चर्चेत आणले, तिनेच डॉक्टरांना उघडपणे संप करण्याची मुभा दिली होती. 2024 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या 3,058 जागांत 2,000 जागांची भर घालण्याच्या निर्णयावर शिकाऊ डॉक्टरांनी सामूहिक राजीनामे दिले, आणि 2026 च्या प्रवेशांसाठी ती संख्या पुन्हा 3,058 वर आणावी लागली.

आपल्याकडेही राजस्थानात मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा संमत झाल्यावर खासगी डॉक्टरांनी संप केला, आणि सरकारी सवलती न घेतलेली खासगी रुग्णालये त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे सरकारने एप्रिलमध्ये मान्य केले. त्या वाटाघाटीत रुग्णांच्या बाजूने तितक्याच ताकदीने उभे राहणारे कोणी नव्हते, याची खंत वाटते.